बादल्यांची रांग

मातीखाली माणूस जिवंत असेल तर त्याला जेसीबीनं उकरून काढत नाहीत. काढलाच तर तो अख्खा निघत नाही. बकेटच्या ओठाला लोखंडी दात असतात आणि माती कुठली नि मांडी कुठली हे त्या दातांना कळत नाही. पण अलीगंजच्या त्या गल्लीत जमलेल्या लोकांना हे सांगणार कोण? गर्दीला अक्कल असती तर तिला गर्दी कशाला म्हटलं असतं! जो तो हात नाचवून ओरडत होता, "मशीन चलाओ भाई, मशीन! खड़े-खड़े देख क्या रहे हो?"

"मशीनला कुणी हात लावायचा नाही!" धैर्यशील जगदाळे गरजले. मराठीत ओरडलो हे ध्यानात आल्यावर पुन्हा हिंदीत. "कोई मशीन नहीं छुएगा! हाथ से निकालेंगे. बाल्टी लाओ. जिसके घर में जैसी बाल्टी हो, ले आओ!"

जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या इंजिनिअर पलटणीत उमेदीची सगळी वर्षं गेली, सुभेदार होऊन निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग लखनौला होती. तेलीबागेत घर बांधलं, पोरं इथल्या शाळांत रुळली, मग परत जायचं राहूनच गेलं. आता एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. या गल्लीत मैलापाण्याची नवी लाइन टाकायचं काम चालू होतं. मधोमध दीड पुरुष खोल चर खणला होता, आणि त्या चराच्या तळाशी, मातीखाली आत्माराम होता.

आत्माराम म्हणजे त्यांच्या बायकोचा, वीणाचा, चुलतभाऊ. चुलत म्हणायचं ते कागदावर. दोघं एका ताटात जेवून वाढलेली. गावाकडं उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी जोडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण तिकडची कामं बंद पडली आणि गडी नुसता पारावर बसून राहायला लागला. "ये इकडं, मी आहे ना," असं त्याला फोनवर म्हणाले कोण? जगदाळेच. होळी झाली आणि आला बिचारा पिशवी घेऊन. हिंदीच्या नावानं बोंब. भाजीवाल्याशी खाणाखुणांनी बोलायचा. साइटवर मात्र दाजी आणि मेहुणा दिवसभर मराठीत बोलत, आणि जगदाळ्यांना ते मनापासून आवडायचं. एवढी वर्षं हुकूम हिंदीत, शिव्या हिंदीत, आता तर पोरंसुद्धा मराठीत विचारलं की हिंदीत उत्तरं देत. आत्माराम आल्यापासून तोंडाला आपल्या भाषेची चव परत आली होती. ती आली नसती तर बरं झालं असतं.

झालं काय, ते सरळ सांगून टाकावं. मशीनवर रामसमुझ होता. बाराबंकीकडचा, चाळिशी उलटलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जेसीबीच्या सीटवरून चराचा तळ दिसत नाही. ऑपरेटर चालतो तो काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दावर. त्यात जगदाळ्यांचा फौजी खाक्या. माझा शब्द आला की आधी हात हलला पाहिजे, का आणि कशाला ते नंतर विचारायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रामसमुझला ते पटलंही होतं, कारण असा शब्दाला पक्का साहेब त्याला आजवर भेटला नव्हता.

बकेट शिगोशीग भरून वर आली. वळताना मागचं चाक भुसभुशीत मातीत रुतलं, मशीन कललं, आणि भरलेली बकेट झोका खाऊन पुन्हा चरावर आली. नेमका त्याच वेळी आत्माराम पाइपाचं तोंड पुसून सरळ उभा राहिला. दात त्याच्या कवटीपासून हातभर राहिले. ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "खाली! खाली! खाली हो!"

हे ते आत्मारामला म्हणाले. खाली हो, बस, डोकं वाचव. आणि आत्माराम मटकन बसला.

पण कान काय एकट्या आत्मारामलाच होते? रामसमुझनंही ऐकलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. साहेब ओरडतायत, बकेट खाली कर. मशीन उलटणार असेल, ओझं टाकायला सांगतायत. त्यानं का नि कशाला विचारलं नाही, दांडा ओढला. बकेटभर माती बसलेल्या माणसावर पडली. तिच्या दणक्यानं काठावरचा ढिगारा ढासळला आणि चराचं ते टोक बुजून गेलं.

एवढं सगळं घडायला, तुम्हांला हे वाचायला लागला त्याहून कमी वेळ लागला. पुढचं सगळं मात्र फार सावकाश झालं.

लोकांनी पहिलं काम काय केलं असेल? रामसमुझला सीटवरून ओढून बडवायला सुरुवात केली. जगदाळे मध्ये घुसले. "छोड़ो उसको! उसके हाथ चाहिए मुझे!" फाटक्या ओठानं रामसमुझ रडत म्हणाला, "साहब, हमें नीचे उतार दीजिए. हम निकालेंगे." त्याला आणि आणखी एका मजुराला चरात उतरवलं. दोघांपेक्षा जास्त माणसं तिथं मावतच नव्हती.

आणि बादल्या यायला लागल्या. आपण बादली म्हणतो, इथं बाल्टी, पण तिच्या हालअपेष्टा दोन्हीकडं सारख्याच. न्हाणीघरातल्या निळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या बादल्या आल्या, पाठोपाठ अंघोळीचे मगसुद्धा उगाचच आले. रंगाऱ्याच्या डिस्टेंपरच्या, पांढरे ओघळ वाळलेल्या. म्हशीचं दूध काढायच्या. एका म्हातारीनं लोणच्यासाठी कैऱ्या भिजत घातलेली बादली दारातच उपडी केली आणि आणून दिली. पलीकडच्या शाळेनं भिंतीवर टांगलेल्या आगीच्या लाल बादल्या पाठवल्या. त्या गोल बुडाच्या असतात, मुद्दामच, म्हणजे कुणी घरी नेऊन वापरू नये. जमिनीवर ठेवली की कलंडते.

त्यात तो मंगळवार जेठ महिन्यातला, लखनौकरांचा बड़ा मंगल. कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव, मारुतीचा फोटो, आल्यागेल्याला पुरीभाजी आणि शरबत. ठेकेदाराला कुठला आलाय मारुती आणि कुठली सुट्टी! काम चालू ठेवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी भंडारा होता. तिथल्या वाढप्यांनी बटाट्याची भाजी परातीत ओतली, शरबत गटारात सोडलं आणि स्टीलच्या बादल्या घेऊन धावत आले. त्यांच्यामागून रांगेत जेवायला उभे असलेले लोकही आले.

जगदाळ्यांनी रांग लावली. हे त्यांना येत होतं. भरलेली बादली उजव्या बाजूनं हातोहात वर, रिकामी डाव्या बाजूनं हातोहात परत. ती लाल बादली कुणाच्याही हातात आली तरी टेकवता येत नव्हती, त्यामुळं रांगेला दम खायची सोयच राहिली नाही. शिकवणीला निघालेल्या पोरी, ई-रिक्षावाले, कपाळाला शेंदूर लावलेले भक्त, समोरच्या घरातल्या रिझवी बाई, सगळे एका ओळीत. जातपात कुणी विचारली नाही, हे खरं आहे. पण त्यानं माती हलकी होत नाही.

मग जगदाळ्यांना पाइप आठवला. मागच्या मॅनहोलपर्यंत पाइप टाकून झाला होता, आणि त्याच पाइपाच्या उघड्या तोंडापाशी आत्माराम बसला होता. ते धावत जाऊन मॅनहोलात उतरले, गुडघ्यांवर बसले आणि पाइपात तोंड घालून ओरडले, "आत्माराम! ए आत्माराम!"

मग आवाज आला. "दाजी."

जगदाळ्यांना रडूच फुटलं. एवढा सुभेदार माणूस, पण लहान पोरासारखा हुंदका आला. "कसा आहेस रं?"

"तोंड पाइपात हाय. वारा लागतोय. पर छातीवर कुनीतरी बसल्यागत वाटतंय. पाय कळंना झालेत."

जगदाळे शिडीवर चढून गल्लीला ओरडून म्हणाले, "ज़िंदा है! बोल रहा है!" रांगेतून बजरंगबलीचा असा जयघोष उठला की खिडक्यांतल्या बायकाही खाली आल्या, आणि बादल्या भराभर पळायला लागल्या. छातीवरची माती जितकी लवकर निघेल तितका त्याला श्वास मिळणार होता. हिशोब अगदी सरळ होता. अग्निशमनवाल्यांना फोन गेले होते, पण रस्त्यारस्त्यावर भंडारे, गाड्या अडकलेल्या. "निकल चुके हैं," एवढंच उत्तर मिळत होतं.

जगदाळे परत पाइपाशी आले.

"दाजी, मशीन पडलं का माझ्यावर?"

"नाही. माती आहे नुसती. काढतोय आम्ही. बोलू नको, दम जपून वापर."

आत्माराम हळूहळू, एखादा जॉइंट का गळतोय ते शोधावं तसा विचार करत म्हणाला, "तुमी खाली म्हनला, आन् मी बसलो बगा. हुबा ऱ्हायलो असतो तर कमरेपातुरच आली असती माती. न्हवं?"

त्यात राग नव्हता. राग असता तर जगदाळ्यांनी सोसला असता. "गप रे," ते म्हणाले. "बोलू नको म्हटलं ना."

आणि आत्माराम गप्प झाला. दाजींनी सांगितलं होतं ना.

थोड्या वेळानं जगदाळ्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पाइपातून त्यांचाच आवाज फिरून आला. त्यांनी पाइपावर दगडानं ठोकलं, कान लावला, श्वास रोखून धरला. वरून बादल्यांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

बेशुद्ध झाला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. छाती मोकळी झाली की शुद्धीवर येईल. असे शुद्धीवर आलेले जवान त्यांनी पाहिले होते. पाहिले होते म्हणजे, एक पाहिला होता.

ते वर आले तेव्हा रांग ढिली पडत चालली होती. ऊन टाळू फोडत होतं. भंडाऱ्यातले दोघेतिघे कठड्यावर बसून हात चोळत होते. कुणीतरी म्हणालं, "अब तो फ़ायर वाले ही आकर देखेंगे." रिझवी बाईंनी विचारलं, "क्या बोले, भाईसाहब?"

सगळी रांग त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? एकेक जण च् च् करत बादली टेकवून बाजूला झाला असता. कुणी वाईट नव्हतं हो, पण मेलेल्या माणसासाठी कुणी धावत नाही.

"पानी माँग रहा है," जगदाळे म्हणाले.

कठड्यावरचे उठले. बादल्या पुन्हा पळायला लागल्या.

मग त्यांना ते करतच राहावं लागलं. मॅनहोलात उतरायचं, हाक मारायची, उत्तर नाही की वर येऊन सांगायचं. पूछ रहा है, कितना बाकी है. कह रहा है, पैर में झुनझुनी आ रही है. रांग म्हणायची, अच्छा लच्छन है, झुनझुनी माने ख़ून चल रहा है! एकदा तर ते म्हणाले, "पूछ रहा है पूड़ी बची है कि सब खा गए," आणि घामानं निथळणारी ती अख्खी रांग खदखदा हसली. एका वाढप्यानं खरोखरच पुऱ्या बाजूला काढून झाकून ठेवल्या. लेकीचं, क्षितिजाचं नाव घेतोय, हेही त्यांनी सांगितलं. बायका डोळे पुसत, पण बादल्या सोडत नव्हत्या. गल्लीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. जगदाळे सांगतील ते आत्माराम बोलत होता. खोटं बोलायला लागलं की सुचत जातं, आणि सुचत गेलं की थोडं खरंही वाटायला लागतं. शेवटी शेवटी जगदाळे शिडी उतरताना थोडं कान देऊनच उतरत.

वीणा तेलीबागेतून स्कूटरवर आली. फोनवर तिला एवढंच कळलं होतं, की आत्माराम अडकलाय पण बोलतोय. पायापाशी घरची बादली ठेवून आणली होती. रांगेतल्या बायकांनी तिला वाट करून दिली. "जाइए भाभीजी, बात कर लीजिए, भैया बहुत हिम्मत वाले हैं."

ती मॅनहोलात उतरली. जगदाळे भिंतीला टेकून उभे राहिले, कारण दोघांना तिथं जागा नव्हती आणि वर जायचं त्यांना सुचलं नाही. वीणानं पाइपात तोंड घातलं. "आत्म्या! अरे, मी आलेय. वीणाक्का." तिनं वाट पाहिली. "आत्म्या, हूं तरी म्हण रे."

मग तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघेनात.

"कधीपासनं?" तिनं हळूच विचारलं.

त्यांनी अंग चोरून तिला शिडीची वाट करून दिली.

वीणा शिडी चढून वर गेली. वर आवाज आला, रिझवी बाईंचा. "क्या कह रहे हैं, भाभी?"

"चाय माँग रहे हैं," वीणा म्हणाली. "कह रहे हैं शक्कर कम डालना, दीदी हमेशा ज़्यादा डाल देती हैं."

"अरे, बनवाओ भई चाय!" कुणीतरी ओरडलं. आणि वीणा पदर खोचून रांगेत उभी राहिली. पुढून आलेली बादली घेत होती, मागं देत होती. गल्लीत दोघांनाच ते ठाऊक होतं आणि दोघांच्याही हातांनी बादल्या सोडल्या नाहीत.

चहा झाला, निवून गेला, तेव्हा चरातून रामसमुझची आरोळी आली. "मिल गए! साहब, मिल गए!" त्याची नखं उलटली होती. त्याला आधी आत्मारामच्या सदऱ्याची पाठ सापडली, मग खांदा. टाळ्या वाजल्या. पोरांनी मोबाइल वर धरले. दोरीनं, चादरीनं आत्मारामला वर घेतलं आणि भंडाऱ्याच्या सतरंजीवर ठेवलं. केसांत माती होती, तोंड मात्र स्वच्छ होतं. पाइपात होतं ना.

गल्लीतल्या एक निवृत्त डॉक्टरीण बाई पुढं आल्या. मान चाचपली, पापणी उचलली, हाताची बोटं वाकवून पाहिली. फार वेळ लागला नाही त्यांना.

"इन्हें गए तो देर हो गई," त्या म्हणाल्या.

"ऐसे कैसे देर हो गई?" पुऱ्या झाकून ठेवलेला वाढपी म्हणाला. "अभी तो चाय माँग रहे थे."

आधी सगळ्यांनी जगदाळ्यांकडं पाहिलं, मग वीणाकडं, मग कुणाकडंच नाही. लाल बादल्या ज्यांच्या हातात होत्या ते तशाच धरून उभे होते. रिझवी बाईंनी आपले दोन्ही तळहात उलटून पाहिले, फोड आले होते. त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. हळूहळू ज्यानं त्यानं आपापली बादली ओळखून उचलली.

रामसमुझ चराच्या काठावर बसला होता. जगदाळे जवळ गेल्यावर त्यानं मान वर केली. "साहब, आपने ही कहा था न, खाली?"

तुला नव्हतं म्हटलं, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण मग सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं असतं.

"हाँ," जगदाळे म्हणाले. "मैंने ही कहा था." पोलिस आले तेव्हा त्यांनाही त्यांनी एवढंच सांगितलं.

गावाहून फोन आला. कल्पनाचा, आत्मारामच्या बायकोचा. वीणाचा फोन वाजून वाजून बंद झाला होता, म्हणून तिनं यांना लावला होता. "दाजी, वन्सं फोन उचलंनात. ह्यांना काय लागलं का? तिथल्या कुनीतरी व्हिडिओ टाकलाय म्हनं."

जगदाळ्यांनी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. पलीकडं बायकांचा गलका उठला, रडणं, कुणीतरी पाणी द्या म्हणत होतं. ती आता बोलायला येत नाही असं वाटून ते फोन कानावरून काढणार, तेवढ्यात कल्पना परत आली. आवाज अगदी कोरडा होता.

"बोललं व्हतं का काय? शेवटी काय म्हनाले?"

इतका वेळ हिंदीत भरभरून खोटं बोललेला माणूस, पण मराठीत त्याला एक खोटं वाक्य सुचेना. क्षितिजाचं नाव घेत होता, असं तरी म्हणावं ना! जीभ उचललीच नाही.

"म्हणाला," जगदाळे म्हणाले, "तुम्ही खाली म्हणालात म्हणून बसलो. माझ्यामुळं झालं, कल्पना. मी खाली म्हणालो, ते ऑपरेटरनं ऐकलं आणि त्यानं बकेट ओतली."

कल्पनाला त्यातलं काही कळलं नाही. हिंदीशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. डोक्यावर लोखंड आलेल्या माणसाला खाली हो म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

"मग तुमी तर बरोबरच सांगितलं व्हतं की, दाजी," ती म्हणाली. "आन् तुमचा सबुद त्यांनी कधी मोडला नाही."